जाताना सहा तास, येताना पंचवीस?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. जानेवारीत मी प्रथमच एकटी न्यूयॉर्कला जाणार आहे. तिकिटाप्रमाणे 10 तारखेला 1.30 वाजता मुंबईहून निघून त्याच सकाळी 7.30 ला मी पोहोचते. फेब्रुवारीतील परतीचे विमान मात्र सकाळी 11 ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला मुंबईत उतरते. जायला सहा तास आणि यायला पंचवीस, हे कसे? अंतर तरी नेमके किती?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. म्हणून जातानाच्या सहा तासांत साडेदहा मिळवावेत आणि येतानाच्या पंचवीस तासांतून तेवढेच वजा करावेत. प्रत्यक्ष प्रवास जाताना साडेसोळा तासांचा आणि येताना साडेचौदा तासांचा भरेल. औषधांच्या वेळाही डॉक्टरांना विचारताना याच तासांच्या हिशेबाने विचाराव्यात. परतणे लांबले, तर मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर पुढे जातात आणि फरक साडेनऊ तासांवर येतो, हे ध्यानात ठेवावे.

उरलेला दोन तासांचा फरक वाऱ्यामुळे पडतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. मायदेशी परतताना ते विमानाच्या पाठीशी असतात.

मुंबई ते न्यूयॉर्क हे सर्वांत जवळचे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाईलसे वाटते, पण ती खरी जवळची वाट नव्हे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा, फार सुंदर अनुभव आहे. दोरा आपसूक उत्तरेकडे सरकतो आणि मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया करत आइसलंडजवळून अमेरिकेत उतरतो. विमाने मात्र नेहमी याच रेषेवरून जाऊ शकत नाहीत. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला आणि प्रवासाचा वेळ वाढला.

आपण विचारलेले नाही, तरी आवर्जून सांगावेसे वाटते. 10 तारखेचे 1.30 म्हणजे 9 तारखेची मध्यरात्र उलटल्यानंतरचे दीड. तारखेच्या या घोळात विमान चुकू शकते. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी, म्हणजे 9 तारखेला रात्री साडेदहापर्यंत विमानतळावर हजर असावे. त्यासाठी पूर्व द्रुतगती मार्गावरची गर्दी धरून नौपाड्यातून नऊच्या आत निघावे.