रेड अलर्ट जाहीर झाला की प्राथमिक शाळेला आपोआप सुट्टी असते का?

नाही, केवळ रेड अलर्टमुळे शाळा बंद होत नाही. हवामान खाते फक्त इशारा देते आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असल्याने सुट्टीचा आदेश सहसा तेच काढतात, तर मुंबईत घोषणा महानगरपालिका करते. खरी अडचण आदेश उशिरा निघाल्यावर होते: १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर झाली, ती सकाळची शाळा भरल्यानंतर. अशा वेळी पहिली-दुसरीतल्या मुलाला फाटकाबाहेर एकटे न सोडता, पालक किंवा त्यांनी कळवलेली व्यक्ती येईपर्यंत वर्गातच थांबवणे योग्य. मात्र व्हॉट्सॲपवर आलेल्या आदेशावरची तारीख आधी पाहावी. गेल्या पावसाळ्यातले पत्रही हमखास पुन्हा फिरते.