उंदराचा वाघ करू नका

प्रश्न असा आहे: ‘द डेझर्ट रॅट्स’ या रिचर्ड बर्टनच्या १९५३ च्या युद्धपटावर मराठीत लिहायचंय. ‘वाळवंटातले उंदीर’ म्हटलं की सैनिक भित्रे वाटतात. ‘वाळवंटाचे वाघ’ चालेल का?

नाही चालणार. सिनेमा दुसऱ्या महायुद्धातल्या टोब्रुकच्या वेढ्यावर आहे. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन सेनापती रोमेलने लिबियातल्या या बंदराला वेढा घातला. आतली शिबंदी मुख्यतः ऑस्ट्रेलियन. वरून बॉम्ब पडत असल्यामुळे ही माणसं खंदकांत, भुयारांत राहायची. जर्मन रेडिओने त्यांना सापळ्यात अडकलेले उंदीर म्हणून हिणवलं, तर या पठ्ठ्यांनी ती शिवीच छातीवर लावली. अगदी शब्दशः: पाडलेल्या जर्मन विमानाच्या पत्र्यातून त्यांनी उंदराचं चित्र असलेली पदकं बनवली. तिथे वाघ कुठे बसवणार?

आणि मराठी कानाला हे नवं थोडंच आहे! ‘पहाड का चूहा’ हे औरंगजेबाच्या तोंडी घातलेलं वाक्य (तो खरंच तसं म्हणाला का, हा वाद वेगळा) आपण मिटक्या मारत सांगतो. गॅदरिंगच्या नाटकात ते आलं की टाळी उंदराच्या बाजूनेच पडते.

शीर्षकात मात्र घोळ आहे. ‘डेझर्ट रॅट्स’ हे मुळात ब्रिटिशांच्या ७ व्या चिलखती डिव्हिजनचं टोपणनाव. तिच्या चिन्हावर होता जर्बोआ, म्हणजे लांब मागच्या पायांवर टुणटुण उड्या मारणारा वाळवंटी प्राणी. वेढ्यातले ते ‘रॅट्स ऑफ टोब्रुक’. सिनेमाने दोन्ही एकत्र कालवलं. तुम्ही सिनेमाचं नाव आहे तसं ठेवा आणि मजकुरात ‘टोब्रुकचे उंदीर’ लिहा. ‘टोब्रुकातले’ नको. ‘पुण्यातला’ माणूस परवाच बदली होऊन आलेला असू शकतो, ‘पुण्याचा’ म्हटलं की त्यात हक्क येतो. एवढे महिने बंदर धरून ठेवलेल्यांना ‘चे’ द्यायलाच हवा.

जाता जाता ‘पडणे’ जपून वापरा. मराठीत वेढाही पडतो आणि ठाणंही पडतं. १९४१ मध्ये टोब्रुकला वेढा पडला, पण टोब्रुक पडलं ते २१ जून १९४२ ला. त्या वेळी आत मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटणही होती आणि आदल्या दिवशी जर्मनांचा पहिला तडाखा तिच्याच मोर्चांवर बसला. म्हणून पहिल्या ठिकाणी ‘वेढा घातला’ लिहा, ‘पडलं’ हे १९४२ साठी राखून ठेवा.