बाहेर बसून पहिलं निसर्गचित्र काढताना
पहिल्यांदाच बाहेर बसताय ना? मग कागद छोटा घ्या, पोस्टकार्डाच्या दुप्पट पुरे. ऊन दीड-दोन तासांत पार बदलतं, त्याआधी चित्र संपायला हवं.

- बसल्याबसल्या सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून टाका. नंतर सावल्या सरकल्या तरी चित्रातल्या हलवू नका. बहुतेकांचं इथेच फसतं: डावीकडचं झाड नऊ वाजताचं, उजवीकडचं अकराचं!
- डोळे किलकिले करून बघा. पानं गायब होतात, गडद-फिक्याचे तीन-चार तुकडे उरतात. तेवढेच रंगवा.
- कागद सावलीत धरा. उन्हात रंग उजळ भासतात, हात गडद लावत सुटतो आणि घरी चित्र काळवंडलेलं दिसतं.

हिरव्याच्या तयार ट्यूबा तूर्तास घरीच ठेवा, निळा-पिवळा मिसळा.