डॅशबोर्डवरचे दिवे एकदम पेटतात

प्रश्न : माझी डिझेल गाडी २००९ ची आहे, परभणी-जिंतूर रोज जाणं-येणं असतं. रात्री हेडलाइट अन् एसी लावला की बॅटरीचा, हँडब्रेकचा अन् एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असे तिन्ही दिवे मंद पेटतात, सकाळी मात्र काहीच नाही. मेकॅनिक म्हणतो मीटरच बदला. काय करू दादा?

उत्तर : मीटरला आत्ता हात लावू नका हो! तीन दिवे एकदम, तेही लोड वाढल्यावर पेटतात म्हणजे तीन बिघाड नसतात बहुतेक, करंटचा घोळ असतो. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) घ्या, स्वस्तात मिळतो, गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बॅटरी मोजा, १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, मग इंजिन चालू करून सगळे लाइट, एसी लावून परत मोजा, साधारण १३.८ ते १४.४ यायला पाहिजे. १३ च्या खाली आलं तर अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बेल्ट ढिला आहे का ते बघा, नाहीतर आतले ब्रश किंवा डायोड गेलेत समजा. व्होल्टेज बरोबर असेल तर बॅटरीपासून बॉडीला अन् इंजिनला जाणारी अर्थिंगची वायर खोला, आपल्याकडच्या धुळीनं अन् गंजानं तिथंच घाण होते, पॉलिश पेपरनं घासून कसून बसवा. हे सगळं होईपर्यंत रात्रीचा जिंतूर रोड टाळलेला बरा.

ब्रेक ऑइल किती आहे तेही बघून घ्या, कमी असलं तरी हँडब्रेकचाच दिवा लागतो. अन् इंजिन ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर मात्र तपासत बसायचं नाही, गाडी बाजूला घेऊन तिथंच इंजिन बंद.