खाते कोल्हापूरचे, संगणक खानापूरचा: तक्रार कोठे करावी आणि काळजी कोणी घ्यावी

आपण लिहिले आहे की, ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे’ असा फोन बेळगाव जिल्ह्यातील खानापूरला वडिलांना आला, त्यांनी संगणक दुरून चालवू देणारे ॲप उघडले आणि कोल्हापूरच्या शाखेतील खात्यातून पैसे गेले. आता बँक दोष वडिलांवर ढकलत आहे. निपाणीला आमच्या थोरल्या बंधूंच्या बाबतीत अगदी हेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही, तेव्हा हा एका भुक्तभोगी घराचा अनुभव समजावा. पासवर्ड बदलणे, खाते गोठवणे वगैरे आपण केलेच असेल.

आम्हाला सर्वांत महागात पडले ते एक कार्यालय. खाते महाराष्ट्रातील आहे, तेव्हा गुन्हा तिकडचा, असे म्हणून तेथील अधिकाऱ्याने अर्ज हातातही घेतला नाही. शिवाय मराठीतील अर्ज कन्नडमध्ये करून आणा, असेही सुनावले. पलीकडे महाराष्ट्रात गेलो तर संगणक कर्नाटकात आहे म्हणून परत पाठवले. या येरझाऱ्या चालू असतानाच रक्कम पुढच्या खात्यांतून काढली गेली. सीमाभागातील माणसाने दोन्हीकडून असे टोलवले जाणे मला आजही सहन होत नाही, कारण कायदा तसे सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात) कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती ई-मेलसारख्या मार्गाने दिली, तर तीन दिवसांत सही करावी लागते. म्हणून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा, मग बेळगावच्या ‘सेन’ (सायबर, आर्थिक व अमली पदार्थ गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात जावे आणि कोणी अर्ज नाकारलाच तर नकार लेखी मागावा.

बँकेच्या बाबतीत ग्राहकाच्या जबाबदारीविषयीचे रिझर्व्ह बँकेचे सध्याचे निर्देश वाचून जावे; हे नियम मुळात ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आले आणि सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ रोजी निघाले. त्यांत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. मात्र ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. त्यामुळे ‘चूक तुमचीच’ हे तोंडी उत्तर स्वीकारू नये आणि बँकेला कळवल्याची तारीख व वेळ दाखवणारी पोच जपून ठेवावी.

निष्काळजीपणाचे नुकसान असे आपल्याच माथी येते, म्हणून माझे ठाम मत आहे की घरातील संगणकाची जबाबदारी एका माणसाने नाव घेऊन उचलली पाहिजे. एकत्र कुटुंबात वडील बँकेचे व्यवहार करतात, मुले खेळ उतरवतात, भाऊ लग्नपत्रिका जुळवतो आणि अद्ययावत करण्याचे काम कोणीच करत नाही. आपल्या भागात जुळणी करून मिळणाऱ्या अनेक संगणकांत क्रॅक केलेले, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेले विंडोज असते आणि तो क्रॅक चालावा म्हणून डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा व्हायरसरोधक) बंद केलेला असतो. मराठी टंकलेखनासाठीही लोक क्रॅक उतरवतात. त्याची गरजच नाही, कारण मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये मुळातच असतो. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा आपल्याकडे तेच आहे का, हेही तपासावे.

वडिलांसाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले वेगळे खाते करावे. दूरनियंत्रणाची काही ॲप्स इन्स्टॉल न करताही चालतात, त्यामुळे एवढ्याने तो धोका पूर्ण टळत नाही. पण इतर बराच उपद्रव वरच्या वर थांबतो. मी तर म्हणेन की ठेवीची मोठी रक्कम नेटबँकिंग नसलेल्या खात्यातच असावी. काहींना हे जुनाट वाटेल, मला वाटत नाही.

सध्या एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी: दुरुस्तीवाल्याला संगणक लगेच फॉरमॅट करू देऊ नये. आमच्याकडे तसे झाले आणि पुढे तपासासाठी काहीच उरले नाही. इंटरनेटची वायर काढून, वायफाय बंद करून संगणक तसाच ठेवावा, ॲपचे नाव, आलेल्या फोनचा क्रमांक आणि व्यवहारांचे संदेश यांची छायाचित्रे घ्यावीत आणि ती तक्रारीला जोडावीत.