अंतराळप्रश्न: ‘दैवाचा घाला’ म्हणू नका

अग्निबाण आणि मानवी अंतराळप्रवासाच्या इतिहासाबद्दल तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा येत राहतात, म्हणून या वेळी ते एकत्र घेतले आहेत. मोबाइलवर फिरत आलेला मजकूर पाठवून ‘हे खरं का?’ विचारणाऱ्यांनी आधी त्यावर तारीख आणि ठिकाण तरी आहे का, ते पाहावं.

राकेश शर्मा अमेरिकेच्या शटलमधून गेले होते ना? (एक वाचक, सांगली)

नाही. सोव्हिएत सोयूझ टी-११ मधून, ३ एप्रिल १९८४ रोजी, बैकानूरहून.

युरी गागारिन यानासकट उतरले की पॅराशूटने? दोन्ही वाचलं आहे. (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

पॅराशूटने. १२ एप्रिल १९६१ रोजी साधारण सात किलोमीटर उंचीवर ते आसनासकट कुपीबाहेर फेकले गेले आणि वेगळे उतरले. त्यांच्या व्होस्तोक यानाची रचनाच तशी होती. उड्डाणविक्रमाच्या नियमाप्रमाणे वैमानिकाने यानातच उतरायला हवं होतं, म्हणून सोव्हिएत अधिकाऱ्यांनी ही गोष्ट बरीच वर्षं दडवली आणि चुकीची माहिती पुस्तकांत शिरली. उत्तरसूचीत वेगळं असेल तर शिक्षकांना विचारून रीतसर हरकत नोंदवा.

इस्रोने पहिलं रॉकेट बैलगाडीतून नेलं, हे छायाचित्र शाळेच्या प्रदर्शनात लावू का? (मुख्याध्यापक, अकोला)

छायाचित्र लावा, मजकूर बदला. बैलगाडीत रॉकेट नाही, ‘ॲपल’ हा दळणवळण उपग्रह आहे आणि साल १९८१. त्याच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती. ट्रकच्या धातूमुळे लहरी परावर्तित होऊन मोजमाप बिघडलं असतं, म्हणून मोकळ्या मैदानात लाकडी गाडी वापरली. ती अभियंत्यांची हुशारी होती. तिला गरिबीचं चित्र म्हणून फिरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सायकलवर रॉकेटचा भाग नेतानाचं छायाचित्र वेगळं. ते केरळातल्या थुंबा प्रक्षेपण केंद्राचं, साठच्या दशकातलं. थुंब्याहून पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालं, तेही अमेरिकी बनावटीचं नायके-अपाची. फलक रंगवायला देण्याआधी मजकूर इस्रोच्या संकेतस्थळाशी ताडून घ्या.

चॅलेंजरचा स्फोट हा दैवाचा घाला होता आणि सातही जण क्षणात गेले, असं भाषणात लिहिलं आहे. बरोबर आहे का? (शिक्षिका, चिपळूण)

दोन्ही वाक्यं काढून टाका.

चॅलेंजर हे नासाचं शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचं अंतराळयान. शटलच्या दोन बाजूंचे घन इंधनाचे बूस्टर, म्हणजे उड्डाणाला जोर देणारी रॉकेटं, अमेरिकेच्या युटा राज्यात तुकड्यातुकड्यांनी बनत, रेल्वेने फ्लोरिडाला येत आणि तिथे एकावर एक बसवले जात. तिथल्या प्रत्येक सांध्यात रबराची दोन कडी. जाडी जेमतेम सात मिलिमीटर, घेर अकरा मीटरहून जास्त. बूस्टर पेटला की आतल्या दाबाने सांधा किंचित फाकतो आणि रबराने सेकंदाच्या आत उसळून ती फट बुजवायची असते. गारठलेलं रबर दबलेलं तसंच राहतं. माझं सगळं काम घन इंधनाच्या मोटरींवर झालं आहे. या सांध्याबद्दल कितीही बोललं तरी मला ते कमीच वाटतं.

जानेवारी १९८५ मधल्या थंडीतल्या उड्डाणानंतर समुद्रातून परत आणलेल्या बूस्टरमध्ये दोन कड्यांच्या मधे काळी काजळी सापडली. म्हणजे पहिलं कडं ओलांडून जळते वायू आत आले होते. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतले अभियंता रॉजर बॉइसजोली यांनी त्याच जुलैत वरिष्ठांना लेखी कळवलं की हे सोडवलं नाही तर माणसं जातील. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री फोनवर बैठक झाली. अभियंते म्हणाले, सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका. नासाच्या अधिकाऱ्यांना ते पटेना. कंपनीने थोडा वेळ मागून घेतला आणि त्या वेळात व्यवस्थापकांनी अभियंत्यांना डावलून होकार दिला. सकाळी तापमान दोन अंशांच्या आसपास होतं. उड्डाणाच्या ७३ व्या सेकंदाला यान फुटलं. पुढे रॉजर्स चौकशी आयोगासमोर त्याचेच एक सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चिमट्यात आवळलेला त्याच रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवला, काढून चिमटा सैल केला आणि रबर लगेच पूर्ववत होत नाही हे सगळ्यांना दाखवलं.

सातही जण क्षणात गेले, असंही म्हणता येत नाही. त्यांची केबिन बव्हंशी शाबूत बाहेर पडली आणि दोन मिनिटं ४५ सेकंदांनी समुद्रावर आदळली. सापडलेल्या चार आपत्कालीन हवा-संचांपैकी तीन सुरू केलेले होते. शुद्ध किती वेळ होती, हे तपासणाऱ्यांनाही ठरवता आलं नाही. मुलांसमोर एवढा तपशील नको असेल तर सोडा, पण खोटा दिलासा देऊ नका.

आणि सतरा वर्षांनी तेच झालं. कल्पना चावला ज्या कोलंबिया शटलमध्ये होत्या, त्याच्या डाव्या पंखावर उड्डाणातच इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा आदळला होता. यान कक्षेत असतानाच पंखाची छायाचित्रं मिळावीत, असा अभियंत्यांनी आग्रह धरला. वरिष्ठांनी ती मागणी पुढे जाऊ दिली नाही. १ फेब्रुवारी २००३ ला परत येताना यान तुटलं आणि सातही जण गेले. धोका ज्याला दिसतो, त्याचं म्हणणं निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचू न देणं, हे दोन्ही अपघातांचं कारण आहे. नशिबाच्या नावावर ते खपवलं की जबाबदार माणसं सुटतात. रॉजर्स आयोगाचा अहवाल सगळ्यांसाठी खुला आहे. तो वाचा, आणि भाषणाचा मसुदा पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याला दाखवा.

नववीतला मुलगा व्हिडिओ पाहून सोरा आणि साखर गॅसवर शिजवून रॉकेट करतो. हुशार आहे. अडवू का? (आई, नाशिक)

आजच अडवा. मे १९३० मध्ये बर्लिनमध्ये माक्स व्हालियर हे जाणते संशोधक इंजिनाच्या चाचणीत धातूचा तुकडा छातीत घुसून गेले. १९२६ मध्ये जगातलं पहिलं द्रवइंधनी रॉकेट उडवणाऱ्या रॉबर्ट गोडार्डनाही तीन वर्षांनी मॅसॅच्युसेट्सच्या अग्निशमन अधिकाऱ्यांनी चाचण्या थांबवायला लावल्या. तुमच्याकडे तर स्वयंपाकघर आहे, शेजारी सिलिंडर. शिवाय विनापरवाना असं मिश्रण बनवलं तर स्फोटकांच्या कायद्याच्या कचाट्यात सापडाल. घरात उरलेलं मिश्रण असेल तर ते तापवू, कुटू किंवा कचऱ्यात टाकू नका. अग्निशमन केंद्राला फोन करून विचारा. मुलाला प्लॅस्टिकच्या बाटलीचं, सायकलच्या पंपाने भरायचं पाण्याचं रॉकेट करू द्या, मोकळ्या मैदानात, डोळ्यांना गॉगल लावून आणि विज्ञान शिक्षकांच्या देखरेखीत.

मुलीची ‘नासासाठी निवड’ झाल्याचं एका सहल कंपनीने कळवलं आहे. काही लाख भरायचे आहेत. भरू का? (पालक, पिंपरी)

नासाने निवड केलेली नाही. नासाच्या केनेडी अंतराळ केंद्राचा पर्यटक विभाग तिकीट काढणाऱ्या कोणालाही खुला असतो. सहल म्हणून परवडत असेल तर खुशाल पाठवा, पण ‘निवड’ या शब्दासाठी कर्ज काढू नका. प्रमाणपत्र नेमकं कोण देणार, हे लेखी मागा आणि शाळेशी बोला. इस्रोचा ‘युविका’ उपक्रम नववीच्या मुलांसाठी आहे आणि त्याचा खर्च इस्रो करते. अर्ज कधी निघतो यावर लक्ष ठेवा.

चष्मा असला की अंतराळवीर होता येत नाही, म्हणून मुलाचं लेझर ऑपरेशन लवकर उरकावं का? (वडील, कोल्हापूर)

नको. नासाला चष्मा चालतो, चष्म्यासह दृष्टी पुरेशी असली म्हणजे झालं. भारतात गगनयानासाठी पहिले चौघे हवाई दलाचे चाचणी वैमानिक निवडले. त्या वाटेने जायचं तर हवाई दलाचे निकष त्या वर्षी काय आहेत, ते त्यांच्या भरती कार्यालयात विचारा. वाढत्या वयात नंबर बदलत असतो. ऑपरेशनचं नेत्रतज्ज्ञांना ठरवू द्या.