पहिलाच एव्हिडन्स मॅप? आधी एकच अवयव पकड
अरे भाऊ, एव्हिडन्स मॅप म्हणजे कोणत्या उपचारावर किती अभ्यास झाले ते दाखवणारा तक्ता. 'पचनमार्गाचे सगळे कॅन्सर' पहिल्याच मॅपला नको बाप्पा, जठर नाहीतर गुदाशय, एकच घे. ओळीत उपचार, कॉलमात परिणाम म्हणजे जगण्याचा काळ, साइड इफेक्ट वगैरे, हा तक्ता आधी कागदावर काढ, मग पबमेड (वैद्यकीय शोधनिबंध शोधायची साइट) उघड.

सगळेच करतात ती चूक म्हणजे एकच ट्रायल दोनदा मोजणं. 2019 चा जठराच्या कॅन्सरवरचा फ्लॉट-4 (केमोचा ट्रायल) बघ, कितीतरी रिव्ह्यूंत येतो पण ट्रायल एकच, 716 पेशंट. मी मेडिकल चौकातल्या टपरीवर चहा घेत असाच एक ट्रायल तीनदा मोजला होता, सरांनी लाल पेनाने गोल केला!

- जिस्टला (पचनमार्गातला वेगळ्या जातीचा ट्यूमर) कार्सिनोमात (अस्तराच्या पेशींतून होणारा कॅन्सर) टाकू नको, त्यावरच्या इमॅटिनिब औषधाचं गणित वेगळं
- भरलेला रकाना म्हणजे अभ्यास जास्त झाले, उपचार भारी असं नाही
- रिकामा रकाना खोडू नको, तोच तर शोधतोय आपण

मेटा-अ‍ॅनालिसिसचं म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करण्याचं नंतर बघू.